हाजराबीच्या उंबऱ्यावरची टोपी

श्रावणाच्या सुरुवातीला मला एक सरकारी पत्र आले. त्यात एकच वाक्य होते: ‘सदर महिलेने दोरी देण्यास नकार दिल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ खाली सही, सहीखाली शिक्का, तोही अर्धा कागदाबाहेर. मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. हुकूमनाम्यांची बजावणी करण्यात आणि जप्तीचा माल ताब्यात घेण्यात माझे आयुष्य गेले. ज्याचे म्हणणे कुणी ऐकलेच नाही, त्याच्याच माथी नकार मारून कागद बंद करायचा, ही रीत मला नवी नाही. तरीही ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. हाजराबीचे नावसुद्धा त्यात नव्हते. होती ती केवळ ‘सदर महिला’.

ही सदर महिला कोण, ते मी आता लिहितो आहे. हा अर्ज नव्हे. याच्या अखेरीस विनंती नाही आणि याची प्रत कुणालाही रवाना होणार नाही.

आमचे गाव पिशोरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाला दगडी वेस आहे. पोळ्याच्या दिवशी सगळ्या बैलजोड्या वेशीबाहेर जमतात. वेशीच्या कमानीत आंब्याच्या पानांचे तोरण आडवे बांधलेले असते. पाटलाची जोडी पुढे होते, बैलाच्या शिंगाला तोरण अडते, ताण बसतो, दोरी तुटते आणि मग सगळ्या जोड्या वाजतगाजत गावात शिरतात. असा पोळा गावोगाव होतो. आमच्या गावाचे वेगळेपण त्या तोरणाच्या दोरीत होते. ती दोरी हाजराबीच्या घरची असे. ती विकत मिळत नसे, ती कुणी पोहोचतीही करत नसे. ती मागावी लागे.

मागण्याचा दिवस पोळ्याच्या आदला, खांदमळणीचा. वर्षभर जू ओढून कातडीला घट्टे पडलेले बैलांचे खांदे त्या दिवशी तूप-हळदीने मळतात आणि बैलाच्या कानाशी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. ते झाले की आमच्या घराण्याचा पाटील हाजराबीच्या उंबऱ्यासमोर जाई, डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरी आणि म्हणे, “दोरी द्या.” ती दोरी देई, मग त्याच्या हातातली टोपी घेऊन स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवी. तिने ठेवेपर्यंत ती टोपी त्याने आपली आपण घालायची नसे. एवढाच विधी. त्याला मंत्र नव्हता, दुवा नव्हती, फोटोही नव्हता.

हाजराबी नालबंदांची सून. नालबंद म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकणारे. तिचा नवरा कासीमभाई दोराच्या एका हिसक्यात धिप्पाड खोंड आडवा पाडायचा आणि हाजराबी बैलाच्या डोक्याशी बसून त्याच्याशी बोलत राहायची. “रो नक्को रे राजा, नवी चप्पल घालतोय तुला.” ठेंगणी, काटक, एका डोळ्यात फूल पडलेली, पदर डोक्यावरून कधी ढळला नाही आणि जीभ कधी थांबली नाही. गावातल्या माणसांची नावे तिला आठवत नसत, किंवा आठवत नाहीत असे ती दाखवी. माणूस ती त्याच्या बैलावरून ओळखी. माझे वडील तिच्या लेखी अखेरपर्यंत ‘फेंगड्या पवळ्याचा मालक’ होते. मी नोकरीला लागून गावी आलो की ती दारातूनच हाक मारी, “क्या नाझर, आज किसकू कागद लिखे?” माझ्या पत्रे लिहिण्याची कीर्ती तिच्यापर्यंत पोहोचली होती. एसटी उशिरा आली की मी आगारप्रमुखांना लिही, दूध पातळ आले की डेअरीला. ती म्हणे, “लई लिव्हता तुम्ही. एक कागद बाभळीला लिव्हा, की काटे कमी कर म्हनावं.”

कासीमभाई गेला, गावात ट्रॅक्टर आले, पत्रीचे काम संपले. हाजराबी मात्र गोंडे करत राहिली. पोळ्याच्या आधीच्या बाजारांना पिशोरला ती पोते अंथरून बसे. रंगीत गोंडे, कपाळावरच्या माळा, अंबाडीच्या वाखाचे कासरे. एका वर्षी मी तिच्या शेजारी उभा असताना एक तरुण शेतकरी आला आणि ट्रॅक्टरला बांधायला म्हणून सगळ्यांत मोठा गोंडा त्याने उचलला. हाजराबीने त्याच्याकडे खालून वर पाहिले.

“ट्रॅक्टरला?”

“व्हय खाला. आता तोच आमचा बैल.”

“मग उद्या त्याचे खांदे मळशील?”

“धुतो की, पाण्यानं.”

“आन् आवतण? कोनत्या कानात सांगतो?”

भोवतीची माणसे हसली. पोरगाही हसला, पण गोंडा ठेवून चालू लागला. तिने त्याला परत बोलावले आणि तो गोंडा त्याच्या हातात कोंबला. “घेऊन जा रे. तुज्या आज्याचा बैल माज्या मांडीवर डोकं ठिवून पडायचा. ह्यो त्याचा.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “असं बघू नका नाझर. धंदा मला येतो. पन बैलाला नाय म्हनता येत नाय.”

या दोरीच्या प्रथेचा उगम काय, याचे दप्तर कुठेही नाही. मी शोधले. निजामाच्या काळचे उर्दू कागद वाचून घेतले, त्यांत वेशीच्या दुरुस्तीचा खर्च सापडला, दोरीचा उल्लेख नाही. शेवटी हाजराबीचीच जबानी घ्यावी म्हणून मी एकदा तिच्या ओट्यावर बसलो. ती पायाच्या अंगठ्यात वाखाचे टोक अडकवून दोरी वळत होती. वळता वळता तिने सांगितले ते असे.

निजामाचे राज्य अखेरच्या घटका मोजत होते. रझाकारांच्या टोळ्या गावे लुटत होत्या, जनावरे हाकून नेत होत्या. आमच्या गावाकडे टोळी निघाल्याची बातमी आली तेव्हा कासीमभाईच्या बापाने गावातल्या बैलांच्या खुरांची पत्री उपटून टाकली. लोखंड नसलेला खूर दगडावर वाजत नाही. सगळे बैल त्याने आपल्या दोरांनी एकमेकांना बांधले आणि डोंगरातल्या घळीत नेऊन लपवले. टोळीने त्याला अडवले तेव्हा तो म्हणाला, माझ्याच जातभाईंनो, नालबंदाला बैल विचारता, की नाल? टोळी रिकामी गेली. मग थोड्याच दिवसांत राज्य पालटले. आता बाहेरगावची दुसरी माणसे आली, नालबंदाचे घर विचारत. त्यांच्या हातांतही काठ्याच होत्या. तेव्हा माझ्या आजोबांनी आपली टोपी काढून त्या नालबंदाच्या डोक्यावर घातली, त्याला पारावर स्वतःच्या शेजारी बसवले आणि आलेल्या लोकांना सांगितले, ह्यो माझा धाकटा भाऊ. घर बघायचं असंल तर आमचं बघा. ती माणसे निघून जाईपर्यंत आजोबा बोडक्या डोक्याने बसून होते.

“म्हनून तुमचा पाटील टोपी काढतो,” हाजराबी म्हणाली, “आन् आम्ही ती परत घालतो. हिसाब नाय त्यात. तुमी बी मागितलं, आमी बी मागितलं.”

मी नाझर. मी विचारले, “हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले?”

“माज्या सासूनं सांगितलं.”

“म्हणजे ऐकीव पुरावा.”

तिने अंगठ्यातला वाख सोडला. “नाझर, तुम्ही व्हते का तिथं?”

“नाही.”

“मी बी नव्हते. मग दोघं बी गप बसू.” आणि तिने मला वाखाची पेंडी धरायला लावली.

आता लाजेचा भाग येतो. तो माझ्या घरातला आहे, म्हणून मला लिहिला पाहिजे.

माझा पुतण्या विलास थोरल्या पातीचा, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचा. पाटीलकी कायद्याने केव्हाच गेली. मान राहिला होता, आणि तो त्याच्याकडे होता. सरपंच झाल्यावर त्याने पहिल्यांदा वेशीला हात घातला. काळ्या दगडांवर फरशा चढल्या, कमानीवर रंगीत अक्षरांत नावे आली. मी तीन खात्यांना पत्रे लिहिली. फरशा तशाच राहिल्या. त्याच वर्षी पोळ्याच्या आधी त्याने पारावर जाहीर केले की, यंदा तोरण शहरातून तयार आणायचे. झेंडूचे, जरीचे, मोठे. दोरीची गरज नाही.

मी त्याला बाजूला घेतले. “विलास, ही वहिवाट आहे. मोडायचा तुला अधिकार नाही.”

“काका, जमाना बदलला. लोक व्हिडिओ काढत्यात. म्या तिच्या दारात टोपी काढून हुबा राहिल्याला फोटो तालुक्याला फिरला तर?”

“तर काय?”

“तर लोक काय म्हनतील? कुनापुढं टोपी काढली म्हनतील?” आणि मग थोड्या हळू आवाजात, “त्यात आता दिवस असे हायेत, काका. तुम्हाला ठावं हाय.”

दिवस कसे आहेत, ते मला ठाऊक होते. पण विलासच्या मनात धर्म नव्हता. त्याला तो दिवसांनी आयता आणून दिला. त्याच्या मनात टोपी होती. एरवी तो ज्या ज्या दारांत टोपी काढून उभा राहतो त्या दारांची यादी मी देऊ शकतो. त्या दारांत त्याला तिकीट मिळते, कंत्राट मिळते. इथे फक्त दोरी मिळणार होती.

त्या खांदमळणीला मी गावात होतो. हाजराबीने ओटा शेणाने सारवला होता. दारात पाट मांडला होता, पाटावर नवी दोरी वेटोळे करून ठेवली होती आणि ती स्वतः धुतलेले पातळ नेसून उंबऱ्याशी बसली होती. ऊन उतरत गेले. तिच्या घरावरून नदीकडे जाणारा रस्ता गावाचा नेहमीचा. बैल धुऊन माणसे त्याच रस्त्याने परततात. त्या संध्याकाळी त्या रस्त्याने एकही माणूस आला नाही. सगळे गाव मागच्या बोळातून, उकिरड्याच्या कडेने, आपापले धुतलेले बैल घेऊन घरी गेले. कुणी ठरवले नव्हते. कुणी कुणाला सांगितलेही नव्हते. ज्यांच्या बैलांची डोकी कधीकाळी तिच्या मांडीवर होती, त्या सगळ्यांना ती वाट एकाच वेळी लांबची वाटली. मी पारावर उभा राहून ती बोळातली घुंगरे ऐकत होतो. लाज माणसाला एकट्याला वाटते असे म्हणतात. आमच्या गावाला ती एकत्र वाटली, आणि एकत्रच आम्ही ती उकिरड्याच्या कडेने वाहून नेली.

मीही त्या दिवशी तिच्या घरावरून गेलो नाही. मी घरी गेलो आणि अर्ज लिहायला बसलो.

तो अर्ज चांगला होता, हे मी आजही म्हणतो. तहसीलदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना, पोलिसांना. वहिवाट म्हणजे काय, ती अखंड, उघड आणि निर्विवाद असेल तर तिला कायद्याचे बळ कसे येते, गावाच्या सलोख्याची जबाबदारी प्रशासनावर कशी आहे, हे सगळे त्यात होते. स्मरणपत्रे गेली. मी राहतो त्या शहरात कचेऱ्यांचे जिने चढलो. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य मी इतक्या शिपायांकडून ऐकले की, साहेब या प्राण्याला मीटिंगखेरीज अन्य अवस्था असते यावरचा माझा विश्वास उडाला. पण मी सोडले नाही. आणि पुढच्या पोळ्याच्या आधी हुकूम निघाला. पूर्वापार प्रथा कायम ठेवावी; शांतता राहील याची दक्षता घ्यावी. मी जिंकलो होतो. हुकुमाची प्रत खिशात घालून मी खांदमळणीला गावी गेलो, ते थेट हाजराबीच्या घराकडे.

दारात पोलिसांची जीप उभी होती. एक हवालदार आणि आमचा तलाठी ओट्यासमोर उभे होते. विलास आला नव्हता. हुकुमात ‘प्रथा’ असे होते, ‘पाटलाने जावे’ असे नव्हते. त्याने तलाठ्याला सांगितले होते, तुम्हीच दोरी घेऊन या, आम्ही बांधू. हवालदार भला माणूस होता, घामाघूम झाला होता.

“बाई, ती दोरी द्या. आम्हाला पुढं लई गावं करायची हायेत.”

हाजराबी उंबऱ्यात बसून होती. दोरी तिच्या मांडीवर. “बसा साहेब. चहा घ्या.”

“चहा नको. दोरी तेवढी द्या. वरून हुकूम हाय.”

“मग पंचनामा करा,” ती म्हणाली, “आन् घेऊन जा.”

“पंचनामा कशाचा?”

“पाटील मागायला आला तर ती दोरी असती. पोलीस मागायला आला तर मुद्देमाल झाला. मुद्देमाल घ्यायचा तर पंच लागत्यात. विचारा ना आमच्या नाझरला, हे काय हितंच हायेत.”

हवालदार हसला; मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून जीपकडे वळला. तलाठ्याने कागदावर काहीतरी लिहिले. तेच ते, ‘नकार दिला’. जीप गेली.

मी ओट्यावर टेकलो. तिने मला चहा दिला.

“हाजराबी, हुकूम आपल्या बाजूचा आहे. विलासवर अवमानाची कारवाई करता येईल. मी…”

“नाझर,” ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती कधी बोलत नसे. “वरीस झालं. तुम्ही किती दारं फिरले?”

“बरीच.”

“माजं दार किती लांब व्हतं?”

मी कप खाली ठेवला.

“टोपी तुमच्या डोक्यावर बी हाय.”

मी तिला समजावून सांगितले. आज ते आठवले की कान तापतात. मी सांगितले की दोरी मागण्याचा मान थोरल्या पातीचा आहे, आम्ही धाकट्या पातीचे, थोरली पात हयात असताना धाकटीने मान बजावला तर पुढे तोच आक्षेप निघू शकतो, म्हणून मी रीतसर मार्ग धरला. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, “तुमच्या आज्यानं टोपी घातली तवा पात विचारली व्हती का?”

मी टोपीला हात लावला. खरोखर लावला. तेवढ्यात तिने मांडीवरची दोरी उचलली आणि ती आत गेली. दार लावून घेतले नाही. दार उघडेच होते, आणि ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या तयार तोरणाखालून पोळा फुटला. तोरण कात्रीने कापले. फोटो चांगले आले असे ऐकतो.

दिवाळीनंतर हाजराबीने गाव सोडले. तिच्या मुलाचे शहरातल्या शहागंज बाजारात कुलपे दुरुस्त करण्याचे दुकान आहे, वरच्या मजल्यावर एक खोली आणि रस्त्यावरची गॅलरी. मी याच शहरात राहतो, तिथून रिक्षाने जाण्याइतका जवळ. तरीही पावसाळा येईपर्यंत मी गेलो नाही. मग श्रावणात ते पत्र आले, ‘सदर महिलेने नकार दिल्याने’. त्याला उत्तर म्हणून मी कागद घेतला, तारीख घातली आणि पुढे एक अक्षर लिहू शकलो नाही.

यंदाच्या खांदमळणीला दुपारी मी शहागंजात गेलो. बाजार फुलला होता. हातगाड्यांमधून वाट काढत दुकानाशी पोहोचलो, जिना चढलो. दार उघडे होते. हाजराबी गॅलरीच्या उंबऱ्यात पाय पसरून बसली होती, अंगठ्यात वाखाचे टोक, मांडीवर पीळ. फूल पडलेला डोळा आता पुरता पांढरा झाला होता. मी तिच्यासमोर उभा राहिलो. टोपी काढली, दोन्ही हातांत धरली.

“दोरी द्या,” मी म्हणालो.

तिने मान वर केली. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. मला वाटले, तिला मी दिसत नाही. मग ती हसली, तेच बाजारातले हसू.

“कोन, फेंगड्या पवळ्याचा लेक?”

“हो.”

“बसा की. हुबे काय?”

“आधी दोरी द्या.”

तिने वळत असलेली दोरी खाली ठेवली. “आन् बांधनार कुठं, नाझर? हितं वेस कुठाय?”

तिने हात धरून मला बसवले, सुनेला चहा टाकायला सांगितले, आमच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. विलासचीही केली. “बरा हाय ना? त्याच्या बापाचा ढवळ्या लई गुनी व्हता.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला तो झेलता आला असता. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत अंबाडीच्या दोऱ्या बांधल्या होत्या, घट्ट, एकसारख्या पिळाच्या, आणि त्यांवर नातवंडांचे कपडे वाळत होते. मागची न दिलेली दोरीही त्यांत असेल. मी विचारले नाही.

चहा झाला. टोपी माझ्या मांडीवर होती. ती उचलून माझ्या डोक्यावर ठेवील, असे मला क्षणभर वाटले. तिचा हात पुढे आलाही. तो कप घ्यायला आला होता.

मी जिना उतरलो. रस्त्यावर आलो तेव्हा वरून हाक आली. हाजराबी गॅलरीत उभी होती, दोन ओल्या सदऱ्यांमधून तिचा चेहरा दिसत होता.

“नाझर! टोपी घाला. ऊन लई हाय.”

मी मान हलवली आणि हातातली टोपी तशीच धरून शहागंजच्या गर्दीतून चालू लागलो. ती आपली आपण घालायची नसते.